एका हंगामात सर्वाधिक ट्रिपल: ३६चा आकडा आला कुठून आणि टिकला का

प्रश्न असा आहे: व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका हंगामात सर्वाधिक ट्रिपल (थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) कोणी मारले, याद्यांमधले आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत, आणि शंभराहून अधिक वर्षे झाली तरी हा विक्रम का मोडला नाही?

पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीचं आहे. ओवेन विल्सन, पिट्सबर्ग पायरेट्स, १९१२, ट्रिपल ३६. त्याच्याखाली ३१वर दोघे येतात. डेव्ह ऑर (न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स, १८८६) आणि हायनी राइट्झ (बाल्टिमोर ओरिओल्स, १८९४). अमेरिकन लीगपुरता (मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेतल्या दोन लीगपैकी ही एक, दुसरी नॅशनल लीग) विक्रम २६चा आहे आणि तो जो जॅक्सन (क्लीव्हलँड, १९१२) व सॅम क्रॉफर्ड (डेट्रॉइट, १९१४) यांच्यात वाटलेला आहे. १९५० नंतरचा सर्वात मोठा आकडा कर्टिस ग्रँडरसनचा, २००७ साली डेट्रॉइटकडून २३.

आता 'का' हा भाग. त्यासाठी आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागते. ट्रिपल म्हणजे पळण्याचा विक्रम, असं सरसकट धरलं जातं. प्रत्यक्षात त्यात मैदानाचा वाटा पायांहून मोठा असतो, आणि थोडा वाटा स्कोअररच्या पेन्सिलीचाही असतो.

ज्यांनी फक्त क्रिकेट पाहिलं आहे त्यांच्यासाठी: फलंदाज होम प्लेटवरून निघतो आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत पुन्हा होम प्लेटला पोचला की धाव होते. फलंदाजाने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकाची चूक नसताना तो स्वतःच्या फटक्यावर थेट तिसऱ्या बेसपर्यंत पोचला, तर तो ट्रिपल. क्रिकेटमध्ये पळून काढलेल्या तीन धावांसारखाच हा प्रकार. तिथेही 'तीन' दुर्मीळ, कारण चेंडू जोरात गेला की सीमापार होतो आणि हळू गेला की दोनच मिळतात. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून जावा, लांब जावा, पण कुंपणाला लागून लगेच परत येऊ नये किंवा कुंपणापलीकडे जाऊ नये, एवढ्या अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात. बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे तीन बेसचे सरळ मोजून २७० फूट, ८२ मीटरच्या थोडं वर. वळणं धरली की प्रत्यक्ष धाव याहून लांब होते.

विल्सनचा तो हंगाम आकड्यांतच पाहावा. १९१२मध्ये त्याचे १७५ हिट (बेस मिळवून देणारे फटके). त्यांत १९ डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचे), ३६ ट्रिपल, ११ होम रन (एकाच फटक्यावर पूर्ण फेरी, बहुधा चेंडू कुंपणापलीकडे). डबलच्या जवळपास दुप्पट ट्रिपल! हे प्रमाण इतकं उलटं आहे की नवख्याला छपाईची चूक वाटावी. आणि हा माणूस दरवर्षी असं करत नव्हता. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत त्याचे ट्रिपल अनुक्रमे १२, १३, १२. नंतर १९१३मध्ये १४ आणि १९१४मध्ये सेंट लुईसकडून पुन्हा १२. संपूर्ण कारकिर्दीत ११४, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश एकाच वर्षात. त्याला 'चीफ' म्हणत, त्यावरून तो मूळनिवासी अमेरिकन असावा असा गैरसमज होतो. तो टेक्सासचा गोरा माणूस होता, टोपणनाव संघातलं.

३६पैकी २४ ट्रिपल त्याने घरच्या मैदानावर मारले आणि १२ बाहेर. बाहेरचे १२ म्हणजे जवळजवळ त्याचा नेहमीचा पूर्ण वर्षाचा आकडा. म्हणजे १९१२मध्ये तो बाहेरही चांगलाच खेळत होता, पण विक्रम घडवला तो फोर्ब्स फील्डने. या एका विभागणीवरून जितकं कळतं तितकं त्याच्या वेगाबद्दलच्या कुठल्याही वर्णनातून कळत नाही.

फोर्ब्स फील्ड १९०९च्या जून अखेरीस सुरू झालं. सुरुवातीची मापं अशी: डाव्या टोकाला कुंपण ३६० फुटांवर, डावा-मध्य कोपरा ४६२ फूट, मध्य ४४२ फूट, उजवं टोक ३७६ फूट. मीटरमध्ये सांगायचं तर तो खोल कोपरा १४० मीटरच्या पुढे. क्रिकेटची सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे सुमारे ८२ मीटर असते. यावरून अंदाज यावा. उजव्या टोकालासुद्धा ३७६ फूट हे लक्षात घ्या, कारण विल्सन डावखुरा फलंदाज. त्याने ओढून मारलेला चेंडू उजव्या आणि मध्य क्षेत्ररक्षकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडायचा आणि लोळत राहायचा. आज त्याच फटक्यातले कित्येक चेंडू प्रेक्षकांत जाऊन होम रन झाले असते, तर काही कुंपणावर आपटून डबलवर थांबले असते.

हे एका खेळाडूचं नशीब नव्हतं, याचा पुरावा संघाच्या आकड्यात आहे. १९१२च्या पायरेट्सनी मिळून १२९ ट्रिपल मारले, होनस वॅगनरचे त्यात २०. १९०० नंतर नॅशनल लीगमध्ये कुठल्याही संघाने एका हंगामात याहून जास्त मारलेले नाहीत. आताच्या मेजर लीगमध्ये ३० संघ २,४३० सामन्यांत मिळून ७००च्या आसपास ट्रिपल मारतात. म्हणजे एका संघाला एक ट्रिपल मिळायला साधारण सात सामने लागतात. १९१२च्या पिट्सबर्गला हे जवळजवळ रोजचं होतं.

पिट्सबर्गचं नाव यादीत वारंवार येतं, तेही याच कारणाने. १८९७मध्ये हॅरी डेव्हिसचे २८, तेव्हा संघ एक्स्पोझिशन पार्कवर खेळायचा, तेही अवाढव्य मैदान. १९२५मध्ये काइकाय कायलरचे २६, १९२६मध्ये पॉल वेनरचे २२, १९३०मध्ये ॲडम कोमोरॉस्कीचे २३. १९२५मध्ये फोर्ब्स फील्डच्या उजव्या बाजूला स्टँड बांधून तिथलं अंतर ३०० फुटांवर आणलं गेलं. तरी कायलरला २६ जमले. तो उजव्या हाताने खेळणारा, डाव्या-मध्याची खोल बाजू त्याच्यासाठी जवळपास तशीच राहिली. विल्सनसारख्या डावखुऱ्याचा रस्ता मात्र त्या बांधकामाने अरुंद केला.

पायच सर्वस्व असते तर डेव्ह ऑर या यादीत दिसलाच नसता. तो पहिल्या बेसवर खेळणारा, वजन २५० पौंड, म्हणजे ११० किलोच्या पुढे. १८८६मध्ये त्याने ३१ ट्रिपल मारले. त्या काळची मैदानं अशी की कुंपण नावालाच, क्षेत्ररक्षकांकडे धड हातमोजे नाहीत, आणि ऑरच्या फटक्यात ताकद अफाट. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून गेला की धिप्पाड माणसालाही तिसरा बेस गाठायला वेळ मिळे.

राइट्झचं प्रकरण वेगळं. १८९३मध्ये चेंडू टाकण्याचं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केलं गेलं. पुढची दोन-तीन वर्षं पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चाचपडत होते आणि फलंदाजांनी त्यांना धुतलं. १८९३मध्ये सेंट लुईसच्या पेरी वर्डनचे २९ आणि जॉर्ज डेव्हिसचे २७, १८९४मध्ये राइट्झचे ३१, हे सगळे त्याच लाटेतले. म्हणून १८९३-९५ची नोंद दिसली की तिच्याकडे थोडं तिरक्या नजरेने बघावं.

याद्या न जुळण्याचं मुख्य कारणही इथेच आहे. एकोणिसाव्या शतकातले अधिकृत तक्ते अपुरे होते. नंतर संशोधकांनी वर्तमानपत्रांतले सामन्यांचे तपशील पुन्हा मोजून काढले, तेव्हा काही आकडे बदलले. सॅम थॉम्पसनच्या १८९४च्या हंगामाला कुठे २७ मिळतील, कुठे २८. टाय कॉबच्या कारकिर्दीचे ट्रिपल कुठे २९५, कुठे २९७. दुसरं कारण म्हणजे कोणती लीग 'मेजर' धरायची. ऑर अमेरिकन असोसिएशन या त्या काळच्या वेगळ्या लीगमध्ये खेळला. जी यादी १९०१पासून सुरू होते तिच्यात ऑर, राइट्झ, वर्डन कोणीच नसतात आणि विल्सननंतर थेट २६ येतात. यादी कुठल्या वर्षापासून सुरू होते हे आधी पाहिलं की निम्मे वाद मिटतात.

आता धाव नेमकी कशी होते ते. वेगवान खेळाडूला होम प्लेटपासून तिसऱ्या बेसपर्यंत ११ सेकंदांच्या आसपास लागतात, साधारण खेळाडूला १२च्या पुढे. चेंडू मोकळ्या जागेतून कुंपणाशी जाऊन क्षेत्ररक्षकाच्या हाती लागेपर्यंत सहा-सात सेकंद, मग दोन टप्प्यांची फेक आणि टॅग, म्हणजे चेंडूने धावपटूला स्पर्श करून बाद करणं. ढोबळ हिशेबात दोन्ही बाजू शेवटच्या सेकंदापर्यंत बरोबरीने चालतात. सगळा खेळ त्या अर्ध्या-पाऊण सेकंदाचा आहे, आणि तो पहिल्या बेसच्या वळणावर कमावला किंवा गमावला जातो.

वळण घेण्याची रीत अशी. पहिल्या बेसच्या १५-२० फूट आधी धावपटू रेषेच्या बाहेर सरकतो, शरीर आत झुकवतो आणि बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देऊन दुसऱ्या बेसकडे सरळ रेषेत निघतो. डावा पाय बेसवर पडला तर उत्तम, पण त्यासाठी पावलं तोडायची नाहीत. लय तुटण्यापेक्षा उजवा पाय पडलेला बरा. बाहेर सरकायला उशीर झाला की वळण बेसच्या पुढे मोठं होतं, धावपटू उजव्या क्षेत्राकडे फेकला जातो आणि तिथे सात-आठ फूट जास्त पळतो. तिसऱ्या बेसवर थोडक्यात बाद होणाऱ्या कितीतरी खेळाडूंचं खरं नुकसान तिथे, दोनशे फूट मागे झालेलं असतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फटका मारून दोन-तीन पावलं चेंडूकडे बघत राहणं. चेंडू कुंपणापलीकडे जाईल असं वाटून रमतगमत निघालेला फलंदाज, चेंडू आत पडला की डबलवर अडकतो.

दुसऱ्या बेसजवळ निर्णय. चेंडू डाव्या बाजूला असेल तर धावपटूला तो समोर दिसतो, त्याने स्वतः ठरवावं. चेंडू उजव्या बाजूला, म्हणजे पाठीमागे असेल, तर मान वळवून बघायचं नाही, तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकाकडे बघायचं. उजव्या-मध्य भागात पडलेल्या चेंडूवरच जास्त ट्रिपल होतात, याचं कारण साधं आहे: तिथून तिसरा बेस सर्वात लांब. डावखुऱ्यांचा फायदा दुहेरी. त्यांचा ओढलेला फटका तिकडेच जातो, आणि ते उभेही राहतात पहिल्या बेसच्या एक-दोन पावलं जवळ.

समोरच्या संघाचं काम रिलेचं. बाहेरच्या क्षेत्ररक्षकाने ३०० फुटांची एकच फेक करायची नसते. मध्ये शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) किंवा दुसऱ्या बेसचा खेळाडू पुढे येतो, तो चेंडू घेऊन तिसऱ्या बेसकडे फेकतो, आणि त्याच्या मागे काही फुटांवर आणखी एक जण चुकलेली फेक सांभाळायला असतो. पहिली फेक उंच गेली की मधल्याला उडी मारावी लागते, पाय जमिनीवर नसल्याने त्याची पुढची फेक मऊ पडते आणि ट्रिपल होऊन जातो. १९१२च्या काळातले हातमोजे छोटे, चेंडू मळका आणि मऊ पडलेला, पण मोठा फटका क्वचित यायचा म्हणून क्षेत्ररक्षक पुढे उभे राहायचे. त्यांच्या मागे गेलेला चेंडू म्हणजे लांबचा पाठलाग. आज क्षेत्ररक्षक फलंदाजागणिक मोजून मागे उभे केले जातात.

मग आजचे वेगवान खेळाडू प्रयत्न तरी जास्त का करत नाहीत? हिशेब त्यांच्या विरुद्ध जातो म्हणून. बेसबॉलमध्ये तीन बाद झाले की डाव संपतो, हे त्यासाठी लक्षात ठेवा. आधुनिक मेजर लीगच्या सरासरीने, कोणी बाद नसताना दुसऱ्या बेसवर धावपटू असेल तर त्या डावात पुढे सुमारे १.१ धावा अपेक्षित असतात. तोच तिसऱ्यावर असेल तर सुमारे १.३५. पण तो तिसऱ्यावर बाद झाला, तर एक बाद आणि बेस रिकामे, उरतात फक्त ०.२६च्या आसपास. म्हणजे प्रयत्न परवडायला यशाची खात्री ७५ टक्क्यांच्या वर हवी. एक बाद असताना दुसऱ्यावरून ०.६७, तिसऱ्यावरून ०.९५, बाद झाल्यास ०.१०. इथे ६७ टक्के पुरतात, कारण तिसऱ्यावरचा धावपटू उंच झेलावरही धाव काढू शकतो. दोन बाद असताना मात्र ०.३२वरून ०.३६च मिळतात आणि बाद झाल्यास शून्य, म्हणजे ८८-९० टक्के खात्री हवी. 'तिसऱ्या बेसवर पहिला किंवा तिसरा बाद होऊ नका' ही बेसबॉलमधली जुनी शिकवण याच गणिताची आहे. ट्रिपलसाठी पळावं तर एक बाद असताना.

स्कोअररचा भाग लोक विसरतात. फलंदाज तिसऱ्या बेसवर उभा दिसला म्हणजे ट्रिपल झाला असं नाही. त्याच्या पुढचा धावपटू होम प्लेटकडे पळत असेल, क्षेत्ररक्षकाने फेक तिकडे केली आणि त्या संधीत फलंदाज तिसऱ्यावर गेला, तर नोंद डबल, आणि पुढचा बेस फेकीवर. चेंडू हातातून निसटून त्याला जास्तीचा बेस मिळाला तर डबल आणि एक चूक. तिसऱ्या बेसवर घसरताना बेस ओलांडून गेला आणि परत धरण्याआधी टॅग झाला, तर डबलच. पण तिसरा बेस सुरक्षित ओलांडून होम प्लेटकडे निघाला आणि तिथे बाद झाला, तर ट्रिपल मिळतो. मैदान गच्च भरून दोरीमागे बाहेरच्या भागात प्रेक्षक बसवले जात त्या दिवसांत तर दोरीपलीकडे गेलेल्या चेंडूला किती बेस हे सामन्याआधी ठरे. १९०३च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) पिट्सबर्गला असे चेंडू सरळ ट्रिपल धरले गेले, आणि त्या मालिकेत २५ ट्रिपल झाले.

चेंडू जिवंत झाला, म्हणजे जास्त उसळून लांब जाऊ लागला, आणि मैदानं आखूड होत गेली तसे आकडे घसरले. १९२७मध्ये अर्ल कोम्ब्सचे २३, १९४९मध्ये डेल मिचेलचे २३. १९५० नंतर २० किंवा अधिक ट्रिपल फक्त सात वेळा झाले: विली मेज १९५७ (२०), जॉर्ज ब्रेट १९७९ (२०), विली विल्सन १९८५ (२१), लान्स जॉन्सन १९९६ (२१), क्रिस्टियन गुझमन २००० (२०), आणि २००७मध्ये ग्रँडरसन (२३) व जिमी रॉलिन्स (२०). यातही मैदान डोकावतंच. ब्रेट आणि विली विल्सन कॅन्सस सिटीच्या कृत्रिम गवतावर खेळले, गुझमन मिनेसोटाच्या छत असलेल्या मेट्रोडोममध्ये, तिथेही कृत्रिम गवतच. त्या पृष्ठभागावर चेंडू सरकत क्षेत्ररक्षकांमधून निसटायचा. ग्रँडरसनला डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कचं ४२० फुटांचं मध्य क्षेत्र मिळालं. तेही २०२३पासून ४१२ फुटांवर आणलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उजव्या-मध्य कोपऱ्याला तर 'ट्रिपल्स ॲली' असंच नाव पडलं होतं. ४२१ फुटांचा तो कोपरा २०२०मध्ये ४१५ झाला. कुंपण आत येतं ते होम रनसाठी, आणि बळी जातो ट्रिपलचा.

अमेरिकेबाहेर आकडे याहून लहान आहेत. जपानच्या व्यावसायिक लीगचा हंगामी विक्रम मासायासु कानेदाच्या नावावर, १९५१मध्ये हानशिनकडून १८. तिथे कारकिर्दीत सर्वाधिक युताका फुकुमोतोचे ११५. कोरियात सो गॉन-चांगने २०१४मध्ये १७ मारले, त्याच वर्षी तो तिथे २०० हिट ओलांडणारा पहिला खेळाडू ठरला. हंगामातले सामने या लीगमध्ये कमी असतात, हेही धरायला हवं.

वेगवेगळ्या काळांची तुलना करायचीच असेल तर नुसता आकडा घेऊ नका. डबल आणि ट्रिपल यांची बेरीज करून त्यात ट्रिपल किती टक्के ते काढा. विल्सन १९१२: ५५पैकी ३६, म्हणजे ६५ टक्के. मेज १९५७: ४६पैकी २०, ४३ टक्के. जॉन्सन १९९६: ५२पैकी २१, ४० टक्के. ग्रँडरसन: ६१पैकी २३, ३८ टक्के. रॉलिन्स: ५८पैकी २०, ३४ टक्के. ब्रेट: ६२पैकी २०, ३२ टक्के. आधुनिक काळातले उत्तम हंगाम तिशी-चाळिशीत दाटलेले दिसतात. विल्सनचा ६५ त्यांच्या रांगेत बसतच नाही, म्हणून त्याला पळण्यातल्या श्रेष्ठत्वाचं प्रमाणपत्र मानायला मी तयार नाही. सातत्य पाहायचं तर सॅम क्रॉफर्ड: कारकिर्दीत ३०९, सर्वाधिक, आणि सहा वेळा आपल्या लीगमध्ये अव्वल. माझ्या मते १९५० नंतरची सर्वात अवघड कामगिरी जॉन्सनची. १९९१ ते १९९४ सलग चार वर्षं अमेरिकन लीगमध्ये तो ट्रिपलमध्ये पहिला होता, मग लीग आणि मैदान दोन्ही बदलून १९९६मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून नॅशनल लीगमध्ये २१ मारून पुन्हा पहिला.

३६ गाठायचे तर आजच्या १६२ सामन्यांत दर साडेचार सामन्यांमागे एक ट्रिपल हवा. ग्रँडरसनचा वेग सातेक सामन्यांमागे एक होता. कागदावर फरक फार वाटत नाही, पण तो भरून काढायला ज्या मैदानाची गरज आहे ते फोर्ब्स फील्ड १९७०मध्ये बंद झालं आणि पुढच्या वर्षी पाडलं गेलं.